मंचुरियनचं गाव कोणतं?

रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा मॅगीवर दिवस (म्हणजे रात्र!) काढणाऱ्यांची आता सोय झाली आहे. मागच्या गेटसमोर नवीन चायनीज रेस्टॉरंट सुरू झालं आणि उद्घाटनाला निम्मं हॉस्टेल हजर होतं. सूप फुकट होतं, त्यामुळे कारण शोधायला नको. दाराला झेंडूचं तोरण, पायरीवर रांगोळी, आत सत्यनारायणाची पूजा आणि तोरणाच्या शेजारीच लाल कागदी कंदील. मालकांनी नारळ फोडला, टाळ्या वाजल्या, प्रसादाचा शिरा वाटला आणि मग मेनूकार्ड हातात आलं. त्या एका कार्डात केवढा इतिहास दडलाय, तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कंदिलाचं बघू. चिनी लोकांत लाल रंग शुभ मानतात. दक्षिण चीनमध्ये आणि तिथले लोक जिथे जिथे जाऊन राहिले, म्हणजे हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया वगैरे, तिथे नवीन हॉटेल उघडताना सिंहनृत्य करतात. एका सिंहाच्या आत दोन माणसं असतात. एक डोकं सांभाळतो, दुसरा वाकून मागचे पाय होतो. ढोल आणि झांजा जोरात वाजत असतात. दारावर लेट्यूसचा गड्डा आणि पैशाचं लाल पाकीट टांगलेलं असतं. सिंह उड्या मारत ते 'खातो' आणि पानं लोकांवर उधळतो. लेट्यूसच का? तर त्या भाजीचं चिनी नाव आणि 'पैसा होवो' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. थोडक्यात, आपला नारळ आणि त्यांचा लेट्यूस एकाच कामाला लागलेले आहेत!

आता मेनूकार्ड. पहिलाच शब्द 'हाक्का'. आपल्याला वाटतं तो नूडल्सचा प्रकार असेल. खरं तर हाक्का हा दक्षिण चीनमधला एक समाज आहे आणि शब्दाचा अर्थ आहे 'पाहुणी कुटुंबं'. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अच्यू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याजवळ आला आणि त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. त्यानंतर आलेल्यांत हाक्का बरेच होते. त्यांनी कोलकात्याच्या तांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने उभारले, चपला-बुटांची दुकानं काढली. हळूहळू सोया सॉस तोच राहिला आणि जोडीला हिरवी मिरची, आलं, लसूण भरपूर पडायला लागलं. आपण ज्याला 'चायनीज' म्हणतो ते इथे जन्मलं.

दुसरा शब्द 'मंचुरियन'. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश आहे, पण तिथे जाऊन ही डिश मागितलीत तर कोणाला कळणार नाही. सांगतात ते असं, की १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग हे आचारी होते. कुणीतरी काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं-लसूण-मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं. नेल्सन वांग जन्माने कोलकात्याचे. तेव्हा मंचुरियनचं गाव मुंबई, म्हणजे चक्क आपल्या राज्यातलं!

तिसरा 'शेजवान'. हे सिचुआन प्रांताचं जुनं स्पेलिंग आपण आपल्या पद्धतीने वाचलेलं. तिथल्या जेवणात जीभ बधिर करणारी एक मिरी असते. आपल्या शेजवान चटणीत ती बहुधा नसते. गंमत म्हणजे तिचं सख्खं भावंड कोकण-गोव्याच्या माशांच्या कालवणात असतं, ते म्हणजे तिरफळ.

इथपर्यंत सगळं चविष्ट आहे. पुढचं मात्र मेनूकार्डवर छापत नाहीत. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. युद्ध महिनाभरात संपलं, पण त्या वेळी भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना घरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात म्हातारे होते, शाळेत जाणारी मुलं होती, इथेच जन्मलेले कितीतरी जण होते. गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव. काही जण तर १९६७ पर्यंत आत होते. सुटून आलेल्यांपैकी कित्येकांची घरंदारं, दुकानं गेलेली होती. पुढे अनेक कुटुंबं देश सोडून गेली. आज कॅनडात टोरांटोला 'हाक्का' पाटी लावलेली हॉटेलं आहेत आणि तिथे चिली चिकन मिळतं. म्हणजे ते लोक जाताना आपली चव बरोबर घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता काय त्याचं? तर २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या मुलामुलींना आपल्याच शहरांत लोकांनी 'कोरोना' म्हणून हाका मारल्या. आणि आपल्या हॉस्टेलमध्ये? ईशान्येकडून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात नवीन नाव चिकटतं आणि ते चार वर्षं सुटत नाही. बोलणारा म्हणतो, "अरे, मस्करी केली यार!" तोही हसतो, कारण त्याला इथेच राहायचंय, ह्याच मेसमध्ये जेवायचंय. ट्रिपल शेजवान राइस आपला वाटायला आपल्याला एक प्लेट पुरते, मग शेजारच्या रूममधला पोरगा आपला वाटायला आठ सेमिस्टर का लागावीत?

तर मंडळी, रविवारी जेवायला जाल तेव्हा त्यालाही बरोबर घ्या. आणि हाक मारताना त्याच्या खऱ्या नावाने मारा. नाव अवघड वाटलं तर दोनदा विचारा. 'थर्मोडायनॅमिक्स' म्हणता येतं तर हेही जमेल!