शाईचं पेन घडवायचंय? लेथ शेवटी घ्या

यवतमाळहून एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: घरी शाईचं पेन घडवायचं, तर आधी लेथ मशीन घेऊ का?

थांबा भाऊ. आधी निब घ्या. ती आपण घरी बनवत नाही, विकतच आणायची. आणि विदर्भातल्या माणसाला लांब जायला नको, कॅनराइटच्या निबा नागपुरातच बनतात. निब, खालची फीड आणि दोघींना धरणारं हाउसिंग हातात आलं, की त्याच्या आट्यांचं माप घ्या आणि तेवढाच टॅप मागवा. जर्मन जोवोच्या सहा नंबरी निबेचं हाउसिंग ७.४ मिलिमीटरचं, पिच ०.५. असला टॅप हार्डवेअरच्या दुकानात नसतोच. मी आधी आठचा आणला, तो अजून ड्रॉवरमधे पडलाय.

मग एबोनाइटचा रॉड. म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापायला छान, पण वास घरभर! मास्क लावाच. तयार पेन उन्हात ठेवू नका, काळा रंग तपकिरी पडतो.

पहिलं पेन ड्रॉपरनं शाई भरायचं करा. कन्व्हर्टरची भानगड नको. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं की गळत नाही. घासायला पाण्यातला पॉलिश पेपर, ४०० पासून २००० पर्यंत.

आता लेथ. एमआयडीसीत ओळखीचा टर्नर असेल, तर पहिले दोन रॉड त्याच्याकडेच कापा. टूलला ताजी धार लावायला मात्र सांगा, बोथट टूलनं एबोनाइटचे काठ तुटतात. दोन पेनं झाली, तरी हौस टिकली, तर मग मशीनचं बघू.