बास ड्रमवरचा ‘जिल्हा कुलाबा’

आजोबांच्या बँडचा बास ड्रम माळ्यावरून खाली उतरवला आणि पुढच्या पानावर (तोंडावर ताणलेल्या पडद्यावर) पेंटरनं रंगवलेला पत्ता दिसला, ‘मु. रोडपाली, ता. पनवेल, जि. कुलाबा’, तर पहिला शोध तिथंच लागला. कुलाब्याचा रायगड झाला 1981 साली. म्हणजे ते पान त्याआधीचं. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिनकोड तेव्हाच आला. मुंबईचा फोन नंबर लिहिलेला असेल तर त्यातले आकडे मोजा. आठ आकडी नंबर 2002 पासूनचे. ड्रम परदेशी असला तरी त्याचा इथला जन्मदाखला देवनागरीत लिहिलेला असतो, आणि तो वाचायला आपल्याइतकं योग्य माणूस दुसरं कोणी नाही!

रोडपाली, कळंबोली, कामोठे या पट्ट्यात असे ड्रम निघणं नवल नाही. हळदीला बेंजो पार्टी, वरातीला ब्रास बँड, गणपतीत ऑर्केस्ट्रा, सगळीकडे ड्रम लागायचाच. पुढं 1985 मध्ये रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड बाजारात आला. आठ रबरी चौकोनांत अख्खा ड्रमसेट! टेम्पोत जागा कमी, जोडाजोड कमी. हळूहळू स्टेजवरचे खरे ड्रम माळ्यावर गेले. आता गावातली घरं पाडून इमारती उभ्या राहतात, माळे रिकामे होतात, आणि कळंबोलीचा लोखंड बाजार तर हाकेच्या अंतरावर. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की किलोच्या भावात काही देऊ नका. गंजलेला स्टँडसुद्धा नाही.

पाच पौंडांची अक्षरं

पुढचं फाटकं पान फेकून नवं लावायचा मोह फार होतो. तो आवरा. बीटल्सच्या रिंगो स्टारनं 1963 मध्ये लंडनच्या ‘ड्रम सिटी’ दुकानातून लुडविगचा सेट घेतला. बास ड्रमवर बँडचं नाव रंगवायला दुकानानं एका स्थानिक बोर्ड पेंटरला बोलावलं. त्या कामाचे पाच पौंड पडले. फेब्रुवारी 1964 मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर झळकलेलं असंच एक पान 2015 च्या लिलावात वीस लाख डॉलरांच्या वर गेलं. नुसतं पान! पनवेलच्या पेंटरचं पान तेवढ्याला जाणार नाही, पण सेटमधला त्याच्यासारखा दुसरा नसलेला भाग तोच आहे.

बिल्ला बोलतो, पण सगळं सांगत नाही

खोडावर, म्हणजे ड्रमच्या गोल अंगावर, हवा जायला एक भोक असतं आणि त्याभोवती धातूचा बिल्ला. लुडविगच्या बिल्ल्यावर 1963 च्या अखेरीपासून नंबर येऊ लागले. गंमत अशी, की कारखान्यात बिल्ले हाताला येतील तसे बसत, त्यामुळे नंबरावरून साल अंदाजानंच निघतं. खोडाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. तिथं शाईचा तारखेचा शिक्का सापडला तर तो बिल्ल्यापेक्षा भरवशाचा.

बिल्ल्यावरचा देशही वाचा. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर माल 1990 च्या आधीचा, ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर 1993 च्या आधीचा. सोनोर ही कंपनी 1875 मध्ये वायसेनफेल्सला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं, मालक पश्चिमेला निघून गेले आणि तिकडं सोनोर पुन्हा उभी राहिली. मागे राहिलेल्या कारखान्यात ‘त्रोवा’ नावाचे ड्रम बनत राहिले. एका कारखान्याची दोन देशांत वाटणी!

बिल्लाच नसेल तर लगेच हिरमुसू नका. मेरठच्या जळी कोठी भागात नादिर अली आणि कंपनी 1885 पासून बँडची वाद्यं बनवते. देशभरातल्या वराती मेरठच्या मालावर वाजल्या आहेत. विलायती नाही म्हणून तो ड्रम कमी प्रतीचा, असं मी मुळीच मानत नाही.

कातडं की प्लास्टिक?

प्लास्टिकची पानं 1956-57 च्या सुमाराला अमेरिकेत आली. चिक इव्हान्स आणि रेमो बेली ही त्यातली मोठी नावं. त्याआधी वासराचं कातडं. तुमच्या सेटवर कातडं असेल तर पावसाळ्यात एक चूक हमखास होते. दमट हवेत कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो, म्हणून कोणीतरी चावी फिरवून ते ताणतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की तेच कातडं आक्रसतं आणि कडेला टरकन फाटतं. ढोल-ताशावाल्यांना हे पाठ असतं.

आट्यांची भानगड

अमेरिकन, ब्रिटिश आणि जर्मन ड्रमच्या बोल्टचे आटे वेगवेगळे. हार्डवेअरच्या दुकानातला ‘जवळपास बसणारा’ बोल्ट पान्यानं दामटून बसवला की आतला आटा कायमचा जातो. लंडनला 1922 मध्ये सुरू झालेल्या प्रीमियरच्या जुन्या ड्रमची आणखी एक अडचण आहे. त्यांतल्या काहींची खोडं आजच्या मापापेक्षा जराशी मोठी असतात. बारा इंची टॉम म्हणून बारा इंची पान आणता आणि ते खोडावर चढतच नाही. खोड तासून पान बसवलेले ड्रम पाहिले की जीव कळवळतो. त्या मापाची खास पानं अजून मिळतात. पान विकत घेण्याआधी खोडाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा.

एक बोल्ट काढून नीट बघाच. तो ज्यात बसतो त्या धातूच्या पोकळ डबीत बारीक स्प्रिंग असते, आणि स्प्रिंग खणखणू नये म्हणून कधी तिच्याभोवती नमद्याचा काळपट तुकडा कोंबलेला सापडतो. घाण समजून तो फेकू नका. बास ड्रमचा घुमारा कमी करायला वाजवणारे आत गोधडीचे तुकडे, वर्तमानपत्रं कोंबायचे. वर्तमानपत्र निघालं तर वरची तारीख आधी वाचा.

झांजेला चिंच नको

झिल्जियान घराणं 1623 पासून सिम्बल बनवतं. सुरुवात इस्तंबूलला, अमेरिकेतला कारखाना 1929 चा. त्यांच्या मिश्रधातूत साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. आपल्या काशात 78 आणि 22. म्हणजे आजीचं काशाचं ताट आणि हे सिम्बल धातूच्या नात्यानं सख्खे शेजारी. पण ताटासारखं सिम्बल चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर जातो, आवाजाचा पोत बदलतो आणि छापील खुणा पुसल्या जातात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि लगेच कोरडं फडकं, इतकं बास.

रोडपालीचा पावसाळा

इथं खाडीची खारी हवा, शेजारी तळोजा एमआयडीसी आणि चार महिने ओल. क्रोमवर पुटकुळ्या येणारच. त्यावर सोपा इलाज: पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं चोळा. क्रोम तिच्यापेक्षा कठीण, त्यामुळे गंज निघतो आणि चरे पडत नाहीत. नंतर मशीनच्या तेलाचा एक थेंब. मात्र दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं निकेल असेल तर हा प्रयोग करू नका.

ड्रम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. सुती चादरीत गुंडाळा, बाथरूमच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर ठेवा. निळ्या सिलिका जेलची पुडी घाला. ती गुलाबी झाली की गरम करून पुन्हा वापरा. पानं काढून ठेवू नका. दोन्ही बाजूंना हलका, सारखा ताण राहिला की खोड गोल राहतं. मोत्यासारखा चमकणारा जुना पापुद्रा बहुधा सेल्युलॉइडचा असतो. उन्हानं तो पिवळा पडतो, शिवाय उष्णतेनं चट्कन पेट घेतो, म्हणून सुटलेली कड चिकटवायला हीटगन किंवा इस्त्री अजिबात नको.

घराण्यांचा ताल

ड्रम वारशानं चालत येणं मुंबईच्या सिनेसंगीतालाही नवं नाही. तालवादक कावस लॉर्ड यांच्यापाठोपाठ त्यांचे मुलगे केरसी आणि बुर्जोर तालवाद्यांत नावारूपाला आले. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र आणि आल्दोन्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट यांनी ‘अलबेला’ चित्रपटात (1951) जो झिंगाट बँड ऐकवला, तसा आवाज काढायला गावोगावच्या बँडनी ड्रम जमवले. गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक तर जमिनीवर बसून वाजवता येईल असा स्वतःचाच सेट मांडतो.

आता घरातले लग्नाचे अल्बम काढा. फोटोत ड्रम दिसला तर कडेवरचे बोल्ट मोजा, टॉम कुठल्या बाजूला लावलाय ते पाहा, पानावरचा पत्ता भिंगातून वाचा आणि समोरच्या सेटशी ताडून बघा. फोटोत आठ बोल्ट आणि हातातल्या ड्रमला दहा असतील, तर मधे कधीतरी ड्रम बदलला गेला. तो कुणी, कधी आणि कुठल्या बँडकडून घेतला, हे काकाला किंवा आत्याला आजच फोन करून विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा.