बर्फावरची गोलरक्षक

हॉकी म्हटले की आपल्याला हिरवे मैदान आठवते. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचाच खेळ. तेथे चेंडूऐवजी कठीण रबराची, सुमारे 170 ग्रॅम वजनाची चकती असते. तिला 'पक' म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने अंगावर येणारी पक अडवणे हे काही मुलींचे काम नव्हे, असा समज होता. क्युबेक प्रांतातील मॅनॉन रेओमने तो खोटा ठरवला.

1972 मध्ये जन्मलेल्या मॅनॉनचे वडील मुलांच्या संघाचे प्रशिक्षक होते. एका स्पर्धेसाठी संघाला गोलरक्षक मिळेना, तेव्हा पाच वर्षांच्या मॅनॉनने आपल्यालाच उभे करा म्हणून हट्ट धरला. 1984 मध्ये क्युबेकच्या प्रसिद्ध पी-वी स्पर्धेत खेळणारी ती पहिली मुलगी ठरली. पुढे मुलगी म्हणून तिला अनेकदा नकार ऐकावा लागला. 1991 मध्ये मुलांच्या कनिष्ठ लीगमध्ये संधी मिळाली, तर पक मुखवट्यावर आदळून ती रक्तबंबाळ झाली. पण तिने खेळ सोडला नाही. 1992 मध्ये महिलांच्या विश्वविजेत्या कॅनडा संघाची ती गोलरक्षक होती.

त्याच वर्षी 'टॅम्पा बे लाइटनिंग' या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिला सराव शिबिराला बोलावले. हा सारा प्रसिद्धीचा खटाटोप, अशी टीका झाली. संघाचे व्यवस्थापक फिल एस्पोझिटो यांनीही प्रसिद्धीचा हेतू नाकारला नाही. मॅनॉनचे म्हणणे सरळ होते. मुलगी म्हणून इतकी वर्षे दारे बंद झाली. आता त्याच कारणाने एक दार उघडत असेल, तर आपण मागे का फिरावे?

23 सप्टेंबर 1992 रोजी सेंट लुईस संघाविरुद्धच्या प्रदर्शनीय सामन्यात ती वीस मिनिटे खेळली. नऊपैकी सात फटके तिने अडवले. नॅशनल हॉकी लीगच्या संघाकडून खेळणारी ती पहिली स्त्री. पुढे 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तिने कॅनडाकडून रौप्यपदक मिळवले.

तिचा धाकटा भाऊ पास्कालही पुढे याच लीगमध्ये खेळला. त्याची निवड प्रसिद्धीसाठी झाली का, असे कुणी विचारले नाही. बहिणीला मात्र तो प्रश्न वर्षानुवर्षे ऐकावा लागला.

जानेवारी 2024 मध्ये उत्तर अमेरिकेत महिलांची नवी व्यावसायिक हॉकी लीग सुरू झाली. आता गोलरक्षक होऊ पाहणाऱ्या मुलीला पुरुषांच्या संघाचेच दार ठोठवावे लागत नाही.