साइट चालतेय, मग हात कशाला लावायचा?

"अरे बाबा, चालतंय ना सगळं? मग कशाला हात लावतोस?"

आमच्या ओळखीच्या एका ट्रस्टचे खजिनदार चाचा काही वर्षांपूर्वी मला हेच म्हणाले होते. मी कोपरीत राहतो, सॉफ्टवेअरची नोकरी करतो. ट्रस्टच्या स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म बघायचे काम फावल्या वेळात माझ्याकडे आले होते. चाचांचा प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर त्या वेळी मला नीट देता आले नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून ते उत्तर आज सविस्तर लिहितो आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी जमाती, शाळा, मदरसे आणि ट्रस्ट आता अर्ज, पावत्या, रेशन वाटपाच्या याद्या ऑनलाइन ठेवतात. त्यामुळे हा विषय फक्त इंजिनिअर पोरांचा राहिलेला नाही.

काय घडले होते

हा फॉर्म वस्तीतल्याच एका मुलाने कॉलेजात असताना बनवला होता, पायथन २.७ या भाषेत. क्लाउडवर चढवला आणि काम उत्तम चालले. पुढे तो नोकरीसाठी दुबईला गेला. क्लाउडचे खाते मात्र त्याच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवरच राहिले. "तुमचे रनटाइम जुने झाले आहे, अमुक तारखेपर्यंत नवीन करा" अशा सूचना त्या ईमेलवर येत राहिल्या. तो पत्ता तो आता उघडतही नव्हता.

त्या वर्षी ट्रस्टने उत्पन्नाची मर्यादा वाढवली. बदल एका ओळीचा होता. मी तो केला आणि चढवायला गेलो, तर क्लाउडने नकार दिला. आधीपासून चालू असलेला फॉर्म चालू होता, पण दुरुस्त केलेला फॉर्म तो घ्यायलाच तयार नव्हता. म्हणजे साइट "चालत" होती, पण जुनीच मर्यादा दाखवत. काही पालक ती वाचून "आपण यात बसत नाही" म्हणून अर्ज न भरताच परत गेले. शेवटी कागदी फॉर्म छापून, घरोघरी निरोप पाठवून आम्ही वेळ निभावली. पण निरोप सगळ्यांपर्यंत पोहोचलाच असेल, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

रनटाइम म्हणजे काय?

बिर्याणीची कृती कागदावर लिहिली म्हणून देग तयार होत नाही. ती वाचून करणारा बावर्ची लागतो. प्रोग्राम ही कृती, आणि रनटाइम हा बावर्ची. पायथन, पीएचपी, नोड, जावा यांपैकी ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला असेल, ती भाषा वाचून काम करणारे सॉफ्टवेअर म्हणजे त्या भाषेचे रनटाइम. क्लाउड म्हणजे भाड्याचा भटारखाना. जागा, वीज, चूल सगळे कंपनीचे, आणि बावर्चीही तिचाच. हे कॉम्प्युटर काही आभाळात नसतात. ठाण्याहून वाशी-पनवेलची लोकल पकडली की ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसतात, तशाच ठिकाणी ते असतात.

आता हा बावर्ची कायमचा नसतो. भाषा बनवणारे लोक प्रत्येक आवृत्तीला ठरावीक वर्षे सांभाळतात आणि मग थांबतात. पायथन ३ आली डिसेंबर २००८ मध्ये. जुन्या पायथन २ ला आधी २०१५ पर्यंत मुदत होती, ती वाढवून २०२० केली आणि १ जानेवारी २०२० ला आधार संपला. गुगलच्या ॲप इंजिनवर पायथन २.७ चा आधार ३१ जानेवारी २०२४ ला संपला. आपल्याकडच्या बऱ्याच साइट वर्डप्रेसवर असतात, आणि वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेले आहे. पीएचपी ७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, ८.० ची २६ नोव्हेंबर २०२३ ला आणि ८.१ ची २०२५ च्या अखेरीस. ८.२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहेत.

मुदत संपली म्हणून त्याच रात्री साइट बंद पडत नाही. फसगत होते ती इथेच. मुदतीनंतर एखादी भगदाड सापडली तर ती बुजवणारे अधिकृतपणे कोणी नसते, आणि चोरांना मात्र ती माहीत झालेली असते. पुढे क्लाउड कंपन्या टप्प्याटप्प्याने दारे बंद करतात. ॲमेझॉनच्या लॅम्डा सेवेत आधी दुरुस्त्या थांबतात, मग जुन्या रनटाइमवर नवे काही बनवता येत नाही, आणि त्यानंतर जुन्यात बदलही करता येत नाही. कुठे कुठे जुने ठेवायचे पैसे पडतात. मायएसक्यूएल ५.७ हा जुना डेटाबेस वापरत राहणाऱ्यांना ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत मार्च २०२४ पासून जादा शुल्क लागू झाले.

नवा बावर्ची जुनी कृती कशी वाचतो

"मग बटण दाबून नवीन करून टाक ना," चाचा म्हणाले. तसेही करता येत नाही, कारण काही शब्दांचा अर्थ नव्या आवृत्तीत बदललेला असतो. दोन उदाहरणे बघा.

पायथन २ मध्ये ५ ला २ ने भागले तर उत्तर २ येते, कारण पूर्ण अंकांना भागले की अपूर्णांक टाकून दिला जातो. पायथन ३ मध्ये तेच उत्तर २.५ येते. समजा कोणी जकातीचा हिशेब करताना अडीच टक्क्यांसाठी "५ भागिले २" असे लिहून ठेवले असेल. एक लाख रुपयांवर जुने रनटाइम २,००० दाखवील आणि नवे २,५००. इथे नवे बरोबर आहे. पण जिथे प्रोग्राम त्या पूर्ण अंकावरच विसंबलेला असतो, उदाहरणार्थ याद्यांची पाने पाडताना, तिथे नवे रनटाइम सव्वापाचावे पान मागू लागते आणि अडकते. दोन्ही वेळा भाषेने आपले काम चोख केलेले असते. चूक असते ती न तपासता बदलण्यात.

दुसरे उदाहरण नावांचे. पायथन २ मध्ये साध्या पद्धतीने लिहिलेला मजकूर अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजला जाई. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे "शेख" या नावाची लांबी ९ भरायची, आणि मर्यादेत बसवताना लांब नाव मधेच तुटून शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह यायचे. उर्दू अक्षरे दोन-दोन बाइटची, तिथेही तीच गत. पायथन ३ मध्ये "शेख" ची लांबी ३ येते. पण जुना डेटा वाचताना तो कोणत्या पद्धतीने साठवला आहे हे नीट सांगितले नाही, तर हीच सुधारणा सगळी नावे बिघडवू शकते. मार्कशीटवर एक नाव आणि फॉर्मवर दुसरेच, तर अर्ज बाद व्हायला तेवढे पुरते.

पीएचपीतही असेच. सातव्या आवृत्तीपर्यंत ० हा अंक आणि "अली" हा शब्द सारखे आहेत का असे ढिल्या तुलनेने विचारले, तर "हो" असे उत्तर यायचे. आठव्या आवृत्तीत "नाही" येते. ज्या साइटचा कारभार त्या चुकीच्या "हो" वर चालला होता, ती नव्या आवृत्तीत वेगळे वागू लागते.

कोपरीच्या पुलाची रीत

ठाण्याच्या लोकांना हे समजावणे सोपे आहे. द्रुतगती मार्गावरचा कोपरीचा रेल्वे पूल आठवा. दोन्ही बाजूंनी रुंद रस्ता यायचा आणि पुलावर येऊन आवळला जायचा. रोजचा ट्रॅफिक जाम. पूल नवा हवा हे सगळ्यांना मान्य होते, पण तो एकदम पाडला असता तर ठाणे-मुंबई वाहतूकच ठप्प झाली असती. म्हणून आधी दोन्ही बाजूंना नवे पूल बांधले, वाहतूक त्यांच्यावर वळवली, मगच मधला जुना पूल काढून तिथे नवा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण पूल खुला झाला.

साइटचे रनटाइम बदलायची रीत हीच.

आधी काय काय आहे ते लिहून काढा. भाषा कोणती, आवृत्ती कोणती, बाहेरच्या कोणत्या लायब्ररी वापरल्या आहेत. बऱ्याचदा आपला प्रोग्राम ठीक असतो आणि एखादी जुनी लायब्ररीच नव्या रनटाइमवर चालत नाही.

मग बॅकअप घ्या, आणि तो परत उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

चालू साइटला हात न लावता तिची प्रत बाजूला नव्या रनटाइमवर उभी करा. या प्रतीत लोकांचे खरे आधार क्रमांक घालू नका, बनावट नावे आणि आकडे घाला. चाचणीसाठी ठेवलेली प्रत विसरली जाते आणि माहिती तिथूनच बाहेर जाते.

त्या प्रतीवर रोजची कामे करून बघा. मराठी नाव, उर्दू नाव, रिकामा सोडलेला रकाना, मोठा फोटो, पावती, एकूण बेरीज. जुन्या आणि नव्याचे निकाल शेजारी ठेवून ताडून पाहा. आवृत्त्यांमध्ये अंतर फार असेल तर एक-एक पायरी चढा.

सगळे जुळले की थोडे लोक नव्या बाजूला वळवा, नंतर सगळे. जुने लगेच मोडू नका. गडबड झाली तर काही मिनिटांत मागे येता आले पाहिजे. आठ-दहा दिवस चुकांची नोंदवही, म्हणजे लॉग, रोज बघा. मगच जुने बंद करा.

वेळही नीट निवडा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा स्कॉलरशिपच्या अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

ही माहिती अमानत आहे

एखादी विधवा बहीण मदतीच्या अर्जात आपले उत्पन्न, आजारपण, बँक खाते लिहून देते, ते विश्वासाने. ती माहिती अमानत आहे. आता कायदाही तेच सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान ट्रस्टला एवढा दंड होईल असे नव्हे. पण "आम्हाला कॉम्प्युटरमधले कळत नाही" ही सबब यापुढे पुरणार नाही.

म्हणून तुमच्या जमातीच्या किंवा शाळेच्या पुढच्या मीटिंगमध्ये हे चार प्रश्न जरूर विचारा. क्लाउडचे खाते कोणाच्या ईमेलवर आहे? साइट कोणत्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर चालते आणि तिची मुदत कधी संपते? शेवटचा बॅकअप कोणी उघडून पाहिला? आणि बनवणारा मुलगा परगावी गेला तर दुसरे कोण बघणार? उत्तरे एका कागदावर लिहून फाइलला लावा. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

आमच्या त्या फॉर्मचे काम नंतर तीन रविवारांत झाले. दुबईच्या मुलाने फोनवर बसून जुना पासवर्ड मिळवून दिला, आणि शेवटच्या रविवारी कागदी अर्ज आणि नवा फॉर्म शेजारी ठेवून चाचांनी स्वतः एकेक नाव ताडून पाहिले. आता खाते ट्रस्टच्या ईमेलवर आहे आणि तो ईमेल दोघे जण बघतात, मी आणि चाचा. क्लाउडकडून काही सूचना आली की आधी फोन त्यांचाच येतो, "बघ रे, काहीतरी आलंय. तारीख कधीची आहे?"