उघड्या रानातील निद्रा

माणदेशातील मेंढपाळ हिवाळ्यातही कळपाशेजारी उघड्या रानात निजतो. निरभ्र रात्री भूमीची उष्णता आकाशात निघून जाते व पहाटे दव पडते. तो अंगाभोवती घोंगडी लपेटतो, डोके व कान मुंडाशाने बांधतो. नाक मात्र मोकळे ठेवतो. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोक्याच्या त्वचेतील फारशा पावत नाहीत. म्हणून उघड्या डोक्यातून उष्णता जातच राहते. मग तोंडावरूनही पांघरूण का ओढू नये? आपल्या उच्छ्वासात बाष्प असते. कापडाला लागून ते निवते व त्याचे पाणी होते. ओले कापड ऊब राखीत नाही, उलट ती हिरावून घेते. घोंगडी खरखरीत खरी. परंतु तिच्या लोकरीत कोंडलेली हवाच मेंढपाळाला पहाटेपर्यंत ऊब देते.