जगावेगळ्या बातमीमागची फाइल

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा तळाशी, एक छोटी चौकट असते. तिच्यात कुठल्या तरी दूरच्या देशातली माणसं काहीतरी अचाट करत असतात. कोणी मांजराला स्टेशनमास्तर नेमतं, कोणी मेलेल्या देवमाशाला सुरुंग लावतं, तर कुठलं सरकार पक्ष्यांवर फौज धाडतं. बातमी शंभरेक शब्दांची आणि शेवटी उद्गारचिन्ह. आपण हसतो, घरात कोणाला तरी वाचून दाखवतो आणि ‘जगात एकेक नमुने असतात’ असं म्हणून पान उलटतो. या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार त्या निष्कर्षाबद्दल आहे. अशा बातम्यांपैकी ज्यांचा कागदोपत्री माग काढता येतो, त्या मुळापासून वाचल्या तर त्यांत नमुने फारसे सापडत नाहीत. सापडतो तो एखादा बऱ्यापैकी शहाणा नियम, एखादं काटकसरीचं गणित किंवा कोणीतरी कोणाला दिलेलं आश्वासन, आणि ते भरकटत भलत्याच मुक्कामी पोचलेलं असतं. हा मधला प्रवास चौकटीत मावत नाही म्हणून गाळला जातो, आणि मग नुसता मुक्कामच वेडपटासारखा दिसू लागतो.

ऑस्ट्रेलियाचं ‘एमू युद्ध’ हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. एमू हा जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी. त्याला उडता येत नाही, पण तो ताशी पन्नासेक किलोमीटर वेगाने पळतो. देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला कांगारू आहे आणि दुसऱ्या बाजूला हाच. 1932 च्या नोव्हेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पियन भागात मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली तोफखान्याचे जवान दोन लुईस मशिनगन आणि 10,000 गोळ्या घेऊन या पक्ष्यांवर चालून गेले. एका बंधाऱ्यापाशी त्यांनी हजारभर एमूंचा कळप अगदी टप्प्यात येऊ दिला आणि गोळीबार सुरू केला, तर डझनभर पक्षी पडतात न पडतात तोच बंदूक अडकली. मग एक बंदूक लॉरीवर चढवून पाठलाग झाला. खाचखळग्यांतून लॉरीला पक्ष्यांचा वेग गाठता आला नाही आणि हिसक्यांमुळे नेमही धरता आला नाही. आठवडाभरात फौज परत बोलावली गेली, काही दिवसांनी पुन्हा पाठवली गेली आणि डिसेंबरात मोहीम आटोपली. मेजरसाहेबांच्या हिशेबानुसार 9,860 गोळ्यांत 986 एमू मारले गेले, म्हणजे दर पक्ष्यामागे बरोबर दहा गोळ्या. रणांगणावरचा इतका निःशेष भागाकार पाहून शंका यावी, पण ते असो.

एवढ्यावर चौकट संपते आणि वाचकाला वाटतं, सरकारचं डोकं फिरलं असावं. आता गाळलेला भाग पाहू. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने शेतीसाठी जमिनी दिल्या होत्या, त्यांतल्या पुष्कळशा हलक्या प्रतीच्या होत्या. 1929 नंतर मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले आणि कबूल केलेली मदत काही हाती पडेना. एमू तर दरवर्षी वीण झाल्यावर आतल्या कोरड्या प्रदेशातून किनाऱ्याकडे निघतातच. या वेळी त्यांच्या वाटेवर माणसांनी मोकळी केलेली रानं, उभं पीक आणि गुरांसाठी केलेली पाण्याची सोय होती. सुमारे वीस हजार पक्षी आले. त्यांनी पीक तुडवलं आणि कुंपणं मोडली, आणि त्या भगदाडांतून ससे आत शिरले. आता हे शेतकरी कोणाकडे जाणार? ते माजी सैनिक होते, मशिनगन काय करू शकते हे त्यांनी युद्धात पाहिलं होतं, म्हणून ते थेट संरक्षणमंत्र्यांकडे गेले. मंत्री जॉर्ज पीअर्स यांच्याकडेही होकाराची कारणं होती. जवानांना नेमबाजीचा सराव मिळणार होता आणि गोळ्यांचा खर्च शेतकरी उचलणार होते. शिवाय पश्चिम ऑस्ट्रेलियात देशातून फुटून निघण्याची भाषा तेव्हा जोरात होती. पुढच्याच वर्षी तिथल्या जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी तसा कौलही दिला. अशा प्रांतात केंद्र सरकार शेतकऱ्यांसाठी धावून आलेलं दिसणं सोयीचं होतं. सोबत चित्रपटवृत्ताचा कॅमेरावालाही होता, त्यावरून काय ते समजावं. या साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पाहिली तर पटण्यासारखी आहे, कोणीही कुठेही वेड्यासारखं वागलेलं नाही. पुढे सरकारने एमू मारण्यासाठीच्या बक्षिसाची योजना चालू ठेवली आणि 1934 मध्ये सहा महिन्यांत 57,034 पक्ष्यांचे पैसे वाटले गेले. हा उपाय लागू पडला, त्यामुळे तो कोणाच्या लक्षात राहिला नाही.

बक्षिसाचा उपाय मात्र सगळीकडे सारखा चालत नाही. 1902 साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोईत प्लेगची धास्ती होती आणि शहराखालच्या नव्या कोऱ्या गटारांत उंदरांचा सुळसुळाट झाला होता. प्रशासनाने उंदरामागे पैसे जाहीर केले. मेलेल्या उंदरांचे ढीग कचेरीत नकोत म्हणून पुरावा म्हणून फक्त शेपटी आणावी असं ठरलं. शेपट्या हजारोंनी जमा होऊ लागल्या, आणि मग शहरात शेपटी तुटलेले जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. उंदीर मारला तर एकदाच पैसे मिळतात, सोडला तर त्याची पिल्लावळही उत्पन्न देते. काहींनी तर उंदीर पाळायलाच सुरुवात केल्याचं आढळलं. यात हनोईच्या लोकांचा मूर्खपणा औषधालाही नाही. मोजायचा होता मेलेला उंदीर, मोजली गेली ती शेपटी. अशीच एक गोष्ट ब्रिटिशांच्या काळातल्या दिल्लीतल्या नागांबद्दल जगभर सांगितली जाते आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतही ती मोठ्या चवीने ऐकवली जाते, पण तिला आधार म्हणून त्या काळचा ठोस कागद कोणी पुढे ठेवत नाही. हनोईच्या उंदरांचे रोजचे आकडे मात्र वसाहतीच्या दप्तरात आहेत.

दप्तराचा मुद्दा अमेरिकेतल्या देवमाशाच्या गोष्टीत आणखी ठळक होतो. नोव्हेंबर 1970 मध्ये ऑरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावाच्या किनाऱ्यावर सुमारे पंचेचाळीस फूट लांबीचा मेलेला देवमासा वाहून आला. तो कुजू लागला तेव्हा त्याला जवळजवळ अर्धा टन डायनामाइट लावण्यात आलं. बारीक तुकडे उडतील आणि ते समुद्रपक्षी खाऊन टाकतील, असा हिशेब होता. स्फोट झाला, सभोवार उभ्या असलेल्या लोकांवर चरबीचा पाऊस पडला आणि पाव मैल दूर उभी केलेली एक मोटार मांसाच्या मोठ्या तुकड्याखाली चेपली. माशाचा बराच भाग होता तिथेच राहिला आणि आवाजाला घाबरून पक्षी पसार झाले. हे सारं दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने चित्रित केल्यामुळे आजही पाहता येतं. पण खरा प्रश्न स्फोटाचा नाहीच. हे काम राज्याच्या महामार्ग खात्याकडे का गेलं? उत्तर 1913 च्या कायद्यात आहे. समुद्रकिनारे खाजगी मालकांच्या घशात जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनी एक नामी युक्ती केली होती. चांगले रस्ते होण्यापूर्वी लोक ओल्या वाळूवरूनच गाड्या नेत, तेव्हा किनारा हाच सार्वजनिक रस्ता असं कायद्यानेच ठरवून टाकलं. या कलमाच्या पायावरच ऑरेगनचे किनारे आजही सर्वांसाठी खुले आहेत. मात्र किनारा रस्ता ठरला की त्यावर पडलेला देवमासा हा रस्त्यातला अडथळा ठरतो, आणि रस्त्यातला दगड फोडायला महामार्ग खातं काय वापरतं हे वेगळं सांगायला नको. 1979 मध्ये त्याच परिसरात एकेचाळीस देवमासे लागले तेव्हा ते जाळून पुरण्यात आले.

इथे कोणी म्हणेल, अहो, ही घटकाभराची करमणूक आहे. कारणं खोदत बसलात तर गंमतच निघून जाईल. मला उलट वाटतं. देवमासा फुटला यात जेवढी गंमत आहे, त्याहून किनारा हा रस्ता आहे या कायद्यात अधिक आहे, आणि ती पुन्हा पुन्हा आठवली तरी शिळी होत नाही. शिवाय कारण गाळल्याने नुसता संदर्भ जातो असं नाही, काळही जातो. हीच देवमाशाची हकिकत वीसेक वर्षांनी तारखेविना पुन्हा फिरू लागली, तेव्हा हे कालपरवाच घडलं असं समजून लोक ऑरेगनच्या महामार्ग खात्याला फोन करू लागले होते. आणि काही वेळा कारण कळल्यावर ज्याला आपण हसलो तोच शहाणा निघतो. जपानच्या वाकायामा भागात किशी नावाचं छोटं स्टेशन आहे. तोट्यातली रेल्वे बंद पडायच्या बेतात होती. 2006 मध्ये नव्या कंपनीने ती चालवायला घेतली आणि खर्च वाचवण्यासाठी स्टेशनांवरचे कर्मचारी काढून घेतले. 2007 च्या जानेवारीत स्टेशनजवळच्या दुकानातली तामा नावाची मांजर टोपी घालून स्टेशनमास्तर झाली. पगार काय, तर खाणं. तिला पाहायला लांबून लोक येऊ लागले आणि तिकिटांची विक्री वाढली. 2015 मध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीला हजारो माणसं जमली आणि जागा रिकामी राहू नये म्हणून दुसरी मांजर नेमली गेली. हा वेडेपणा म्हणायचा तर तोट्यातल्या किती एसटी मार्गांना तो परवडेल याचा विचार करून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारण दिलं की बातमी खरी वाटू लागते, हे थापा मारणाऱ्यांनाही ठाऊक असतं. 1 एप्रिल 1957 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात दक्षिण स्वित्झर्लंडमधले शेतकरी झाडांवरून स्पॅगेटी तोडताना दाखवले गेले. यंदा पीक चांगलं का आलं, याचं कारणही रिचर्ड डिम्बलबी यांच्या भारदस्त आवाजात सांगितलं गेलं. हिवाळा सौम्य होता आणि स्पॅगेटीवर पडणारी कीड नाहीशी झाली होती! स्पॅगेटी म्हणजे डब्यात टोमॅटोच्या रसात मिळणारा पदार्थ, एवढंच पुष्कळ ब्रिटिशांना माहीत होतं. हे झाड कसं लावायचं अशी विचारणा करणारे फोन बीबीसीकडे आले. त्याच्याही आधी, 1835 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या दैनिकाने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याची लेखमाला छापली होती. त्यातही दुर्बिणीचं तपशीलवार वर्णन होतं. म्हणजे नुसतं कारण असणं पुरेसं नाही, हे मान्य केलं पाहिजे. फरक कारणाच्या जातीत असतो. चंद्राच्या बातमीत ज्यांचं नाव घेतलं होतं ते खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल त्या वेळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला होते, आणि ज्या स्कॉटिश नियतकालिकाचा हवाला होता ते केव्हाच बंद पडलं होतं. कारण अशा जागी नेऊन ठेवलं होतं की तिथे जाऊन पाहणं त्या काळी जवळजवळ अशक्य होतं. खऱ्या विचित्र घटनेची कारणं याउलट रटाळ आणि कोणाला तरी अडचणीत आणणारी असतात. त्यांत खर्च कोणी करायचा यावरून घासाघीस असते, खात्याची हद्द असते, संसदेत विचारलेला खोचक प्रश्न असतो. स्पॅगेटीच्या मळ्यात कोणाचंही नुकसान झालेलं नव्हतं, कोणी कोणाला जाब विचारत नव्हतं. हा निकष अचूक नाही, पण फसवणुकीचं प्रमाण त्याने नक्की कमी होतं.

आपल्यालाही या चौकटीत जागा मिळालेली आहे. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता पसरली आणि त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमधल्या मंदिरातही चमचा घेऊन लोक उभे राहिले. परदेशी वाचकाने तेव्हा हसून पान उलटलं असणार. दूध पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थराने ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. ते स्पष्टीकरण बरोबरच आहे, पण अर्धंच. दूध तर पूर्वीपासून असंच ओघळत आलं आहे, मग त्याच दिवशी, एका दिवसात जगभर वार्ता कशी पोचली? गल्लोगल्ली झालेली एसटीडी बूथं आणि घराघरांत नुकताच आलेला केबल टीव्ही ही त्यामागची दुसरी बाजू. श्रद्धा जुनी होती, तारा नव्या होत्या. नुसता ‘भाबडे भारतीय’ असा शेरा मारणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागलं नसेल, आणि एमूंवर हसणाऱ्या आपलीही तीच गत होते.

गाळलेलं कारण कधी कधी हसू थांबवणारंही असतं. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी सत्तरच्या दशकात कर्जासाठी कागदपत्रं काढायला गेले तेव्हा महसूल दप्तरात आपण मृत असल्याचं त्यांना कळलं. जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी नातेवाइकांनी केलेला हा उद्योग होता. जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांनी निवडणुका लढवल्या, एकदा तर अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात उभे राहिले. पत्नीसाठी विधवा पेन्शनही मागितलं आणि आपल्या नावापुढे ‘मृतक’ असं जोडलं. मग असेच कागदोपत्री मेलेले इतर लोक त्यांना भेटू लागले आणि ‘मृतक संघ’ उभा राहिला. इथे नियम साधाच होता, दप्तरातली नोंद हाच पुरावा. ती नोंद एका दिवसात विकत घेता येत होती आणि खोडायला मात्र 1994 उजाडावं लागलं. 2003 मध्ये त्यांना ‘इग नोबेल’चा, म्हणजे नोबेलच्या गमतीदार विडंबनाचा, शांतता पुरस्कार जाहीर झाला. तो घ्यायला हार्वर्डला जायचं म्हणून भारत सरकारकडून त्यांनी पासपोर्टही मिळवला, पण अमेरिकेने त्यांना देशात येऊ दिलं नाही.