वर्धा जिल्ह्यातील संग्रहालये

वर्धा जिल्ह्यातील प्रदर्शनस्थळे राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा श्रम, साधेपणा आणि स्वावलंबन यांची ओळख करून देतात. त्यांत वर्धा शहरातील मगन संग्रहालय महत्त्वाचे आहे. चरख्यात सुधारणा व्हावी म्हणून झटलेले गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी 1928 मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयाचे उद्घाटन 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. खादी आणि ग्रामोद्योग हा त्याचा विषय. निरनिराळे चरखे व कारागिरांची अवजारे येथे पाहायला मिळतात.

सेवाग्राममध्ये आश्रम हेच संग्रहालय आहे. गांधीजी 1936 मध्ये येथे राहायला आले. आदिनिवास, बा कुटी, बापू कुटी ही माती, बांबू आणि कवेलूंची घरे जपली आहेत. गांधीजींच्या वापरातल्या वस्तूंबरोबर साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजराही येथे आहे. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, हा आश्रमाचा नियम त्यांतून कळतो.

धाम नदीकाठच्या पवनारला इतिहास आणखी मागे जातो. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना सापडलेली प्राचीन शिल्पे तेथेच ठेवली आहेत. त्यांतले भरतभेटीचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे.

गोपुरीतील गीताई मंदिराला छप्पर नाही आणि आत मूर्तीही नाही. उभ्या शिळांवर विनोबांच्या ‘गीताई’चे 18 अध्याय कोरलेले आहेत. विनोबा आणि जमनालाल बजाज यांच्या जीवनावरील प्रदर्शनेही या परिसरात आहेत.